कुटुंबप्रमुख कोण?

फिल्डवर्कच्या दुसऱ्याच दिवशी माझा फॉर्म अडला. खेड तालुक्यातलं खाडीकाठचं गाव, कोकणी मुस्लिम मोहल्ला, आणि पहिलाच प्रश्न कुटुंबप्रमुख कोण. भाभींनी पटकन नवऱ्याचं नाव सांगितलं. नवरा कुवेतला, दोन वर्षांनी एकदा येतो, महिना-दीड महिना राहतो. आणि हे सांगता सांगता त्या पत्र्याच्या पेटीतून कागद काढून दाखवत होत्या, घरपट्टी, लाईट बिल, स्लॅबच्या वेळची सिमेंटची बिलं, सगळं त्याच्या नावावर, पण प्रत्येक बिलाच्या पाठीमागे बॉलपेनने भाभींच्या अक्षरात हिशेब, गवंड्याला किती दिले, वाळूवाल्याचे किती राहिले.

आधी बोटीवरची नोकरी, आफ्रिका, मग 1973 नंतर तेलाचे भाव वाढले तसं आखात. कोकणातल्या मुसलमानांच्या स्थलांतराची गोष्ट अशी पुरुषांचीच सांगतात. मीपण तीच डोक्यात घेऊन गेले होते.

शेजारच्या खालांनी 2 ऑगस्ट 1990 चं सांगितलं. इराकने कुवेत घेतलं, नवरा तिकडे अडकला, फोन बंद, पैसे बंद. तेव्हा जवळपास 1,70,000 भारतीयांना आणलं, बरेचसे बसने बगदादमार्गे जॉर्डनला आणि अम्मानहून एअर इंडियाच्या विमानाने, हे मी वाचलेलं होतं. त्या दिवसांत खालांनी मुलांच्या फीसाठी दोन बांगड्या गहाण टाकल्या हे मात्र कुठेच लिहिलेलं नाही. नवऱ्यालाही त्यांनी सांगितलं नाही. "तो रिकाम्या हाताने आलेला, त्याला अजून कशाला लाज आणायची," एवढंच म्हणाल्या आणि मनगट चोळत बसल्या.

पुण्यात परत आल्यावर सगळे मला बुरख्याबद्दलच विचारतात. विचारा ना, पण मग भाभी तोच बुरखा घालून स्कूटीवरून बँकेत जातात, मॅनेजरशी भांडून पैसे सोडवून आणतात, सासऱ्यांना डायलिसिसला नेतात, तेही विचारा. कमावणारा तिकडे असतो म्हणून घर चालतं हे खरंच आहे, त्याचेही हाल मी ऐकलेत, पासपोर्ट कफीलकडे म्हणजे तिकडच्या मालकाकडे, एका खोलीत आठ जण. पण इकडे जे चालतं तीसुद्धा मजुरीच आहे आणि ती माझ्या फॉर्ममध्ये कुठल्याच रकान्यात बसत नव्हती.

शेवटी मी भाभींना म्हटलं, दोघांची नावं लिहिते. त्या थोडा वेळ पेटी आवरत राहिल्या, मग म्हणाल्या, "लिही, पण त्याचं आधी लिही."