७,२०० भागिले ९०० म्हणजे आठ तास नव्हे

मुंबई ते लंडन हीथ्रो अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर. मोठ्या जेटचा वेग ताशी ९००च्या घरात. भागाकार केला की आठ तास येतात, आणि तिकिटावर साडेनऊ-दहा दिसले की लोक गोंधळतात. अंतर बरोबर असतं, वेगही. फक्त विमान ज्या रेषेवर अंतर मोजलं त्या रेषेवरून उडत नाही आणि हवा स्थिर नसते.

आधी एकक बघा. हेच अंतर साध्या मैलांत ४,४८० आणि सागरी मैलांत ३,८९० भरतं. सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर, वैमानिक तोच वापरतात. निम्मे वाद इथेच मिटतात.

दिलेलं अंतर पृथ्वीच्या गोलावरून मोजलेलं सर्वांत कमी अंतर असतं. भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून काढलेली रेषा वेगळी. मुंबई–न्यूयॉर्कला फरक डोळ्यांत भरतो: पट्टीच्या रेषेने जवळपास १४,२०० किलोमीटर, गोलावरून सुमारे १२,५३०. ही छोटी वाट आइसलंडच्या पूर्वेच्या समुद्रावरून जाते, नकाशावर उगाच वळसा घातल्यासारखी.

प्रत्यक्षात ती वाटही पूर्ण मिळत नाही. मुंबईहून लंडनची रेषा सौराष्ट्र ओलांडून थेट कराचीजवळ जाते. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय कंपन्यांच्या विमानांना आपलं आकाश बंद केलं, तेव्हा अरबी समुद्रावरून वळसा आला. वळशाचं इंधन आणि वेळ दोन्ही वाढतात.

मग वारा. विमान उडतं त्या उंचीवर वारे बहुतेक पश्चिमेकडून पूर्वेला वाहतात, हिवाळ्यात जोरात. समोरून सरासरी ताशी १०० चा वारा धरला तर जमिनीच्या हिशेबाने वेग ८०० उरतो: ७,२०० ला नऊ तास. परतीला तोच वारा पाठीशी येतो, म्हणून लंडनहून येताना बरेचदा तासभर वाचतो.

त्यात चढण-उतरण आणि जमिनीवरचं रांगणं धरा, निदान अर्धा तास. वेळापत्रकातला वेळ विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर थांबेपर्यंतचा असतो, हवेतला नव्हे. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्हींवर एकाच वेळी मोकळेपणाने विमानं सोडता येत नाहीत, रांग लागतेच.

दुबईमार्गे गेलात तर अंतर जेमतेम २०० किलोमीटर वाढतं. वेळ खातो तो थांबा.

शेवटी घड्याळ. रात्री दोनला निघून सकाळी सातला पोहोचलं म्हणजे पाच तास नव्हेत: हिवाळ्यात त्यात साडेपाच मिळवा, उन्हाळ्यात साडेचार. परतीला वजा करा. ब्रिटनचं घड्याळ मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी सरकतं, अमेरिकेचं मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी. लंडनला विमान बदलून न्यूयॉर्कला जाणार असाल, तर मधल्या आठवड्यांत दोन्ही शहरांतला फरक पाचऐवजी चार तासांचा होतो.