मानेतली गाठ आणि आईची किडनी

आईने मला किडनी दिली त्याला सहा वर्षं झाली होती. दाढी करताना जबड्याखाली हाताला गाठ लागली. हरभऱ्याएवढी, दुखतही नव्हती, म्हणून पंधरा दिवस घरात बोललो नाही. मग ती सुपारीएवढी झाली, रात्री घामाने बनियन भिजायला लागलं. गावातल्या डॉक्टरांनी सुईने तपासून "टीबीच दिसतोय" म्हणत गोळ्या लिहून दिल्या.

त्या सुरू करण्याआधी ट्रान्सप्लांटच्या मॅडमना फोन केला म्हणून वाचलो. "एकही गोळी घेऊ नका, आधी अख्खी गाठ काढून तपासू." टीबीच्या औषधातलं रिफाम्पिसिन रक्तातलं टॅक्रोलिमस, म्हणजे किडनी टिकावी म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारं आमचं औषध, झपाट्याने उतरवतं, आणि ते उतरलं की शरीर किडनी नाकारू शकतं. ट्रान्सप्लांट झालेल्या प्रत्येकाला मी हे कळकळीने सांगतो: गाठ दुखत नसली तरी आपल्या किडनीच्या डॉक्टरांना दाखवा.

बायोप्सीत निघालं पीटीएलडी, म्हणजे ट्रान्सप्लांटनंतर होणारी पांढऱ्या पेशींची बेसुमार वाढ. एपस्टाईन-बार नावाचा विषाणू बहुतेकांच्या अंगात दडून असतो, प्रतिकारशक्ती त्याला आवरून धरते. आमची प्रतिकारशक्ती किडनीसाठी गोळ्यांनी दाबलेली. मग त्या विषाणूने धरलेल्या बी पेशी (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) बेसुमार वाढतात आणि लिम्फोमा, म्हणजे त्या पेशींचा कॅन्सर, होऊ शकतो.

पहिला उपचार म्हणजे प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या त्या गोळ्याच कमी करायच्या. सहा वर्षं सकाळी आठ, रात्री आठ, मोबाईलचा गजर लावून एकही डोस न चुकवलेला मी. आता मायकोफेनोलेट पूर्ण बंद, टॅक्रोलिमस निम्मं. त्या रात्री गोळ्यांच्या डबीतला रिकामा खण बघत बसलो होतो. आई शेजारी येऊन म्हणाली, "किडनीचं बघू रे नंतर. आधी ती गाठ जाऊ दे."

नुसत्या गोळ्या कमी करून गाठ पुरती गेली नाही. मग हिपॅटायटिस बी तपासून रिटुक्सिमॅब, म्हणजे बी पेशी मारणारं सलाईनमधलं औषध, आठवड्याला एक असे चार डोस. पहिल्या वेळी अर्ध्या तासात दात वाजायला लागले. सिस्टरनी सलाईन थांबवलं, ब्लँकेट घातलं, मग अगदी सावकाश चालू केलं. पुढचे तीन सुरळीत गेले. क्रिएटिनिन (रक्तातला हा आकडा वाढला की किडनी कमी काम करतेय) मात्र १.३ वरून १.७ वर गेलं, तो आठवडा फार वाईट.

अंगात कुठे गाठ उरलीय का ते बघणारा पेट (PET) स्कॅन स्वच्छ आला. केमोची गरज पडली नाही. रिपोर्ट आईला वाचून दाखवला. तिने डोळे पुसले आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच विचारलं, "आणि क्रिएटिनिन?"

"१.५ आहे, आई."