नाताळ ते संक्रांत: गूळ, आलं, संत्र्याची साल आणि वर चॉकलेट

मुंबईत घरी चॉकलेट करायचा हंगाम दिवाळीत सुरू होत नाही, हे माझं मत आता पक्कं झालंय. दिवाळीत हौस दांडगी असते, पण ऑक्टोबरची काहिली ओसरलेली नसते. पंख्याखाली ठेवलेलं चॉकलेट तासाभराने बोटाला चिकटतं ते चिकटतंच. डिसेंबरात उत्तरेचा वारा सुटला, सांताक्रूझचं किमान तापमान विशीच्या खाली गेलं की मग वजनकाटा आणि थर्मामीटर काढायचा. तिथपासून संक्रांतीपर्यंत, फार तर रथसप्तमीपर्यंत, एसीशिवाय काम होतं. तेही पहाटे किंवा रात्री जेवणं उरकल्यावर. दुपारी मी चॉकलेटच्या वाटेला जात नाही.

यंदाचा बेत असा की साचे विकत घ्यायचे नाहीत, काजू-बदामाची चैन नाही. गाभा घरचा आणि स्वस्त ठेवायचा, चॉकलेट फक्त वरून चढवायचं. क्रॉफर्ड मार्केटात गेलं की साच्यांच्या दुकानांसमोर पाय आपोआप थबकतात, हे मलाही ठाऊक आहे. नाताळच्या आधी तिथे सांताक्लॉज, घंटा आणि तारे यांचा नुसता खच असतो. पण हिशेब बघा. साच्यातलं १० ग्रॅमचं भरीव चॉकलेट म्हणजे १० ग्रॅम चॉकलेटचा खर्च. उलट ७ ग्रॅमची तिळाची वडी चॉकलेटात बुडवली तर वर ४ ग्रॅमचा थर चढतो आणि हातात ११ ग्रॅमचा तुकडा येतो. खाणाऱ्याला चॉकलेटच खाल्ल्यासारखं वाटतं, कारण जिभेला आधी तेच लागतं.

डार्क कंपाउंडची, म्हणजे कोको बटर नसलेल्या स्वस्त चॉकलेटची, ४०० ग्रॅमची स्लॅब मला यंदा २०० रुपयांच्या आसपास पडली. म्हणजे तुकड्यामागे २ रुपयांचं चॉकलेट, रुपयाभराचे तीळ-गूळ, आणि गॅस-कागद धरून साडेतीन. कागदावर एका स्लॅबमध्ये १०० तुकडे निघायला हवेत. प्रत्यक्षात ८५ च्या पुढे जाता येत नाही, कारण भांड्यात चॉकलेट खोल असेल तोवरच तुकडा नीट बुडतो. तळाशी ६० ग्रॅम तरी उरतं. त्यात कुरमुरे आणि भाजलेले शेंगदाणे ढवळायचे आणि चमच्याने बटर पेपरवर ढीग घालायचे. आमच्याकडे पहिल्यांदा संपतं ते हेच.

आता कंपाउंड की खरं चॉकलेट, हा घरी चॉकलेट करणाऱ्या आपल्या मंडळींचा जुना वाद. कंपाउंडमध्ये कोको बटरऐवजी वनस्पती तेलाचं घट्ट केलेलं फॅट असतं, बहुतेक वेळा पाम कर्नलचं. ते वितळवलं, बुडवलं, ठेवलं की झालं. टेंपरिंगची, म्हणजे तापमान सांभाळून योग्य स्फटिक बसवण्याची, भानगड नाही. कव्हरचर म्हणजे खरं चॉकलेट, त्यात कोको बटर असतं आणि त्याचे स्फटिक सहा प्रकारचे होतात. त्यातला पाचवा प्रकार तेवढा आपल्याला हवा असतो. चकाकी, कट्‌कन तुटणं आणि तोंडात गेल्यावर साधारण ३४ अंशांना विरघळणं, हे सगळं त्याच्यामुळे. त्यासाठी डार्क चॉकलेट ४५ ते ५० अंशांपर्यंत वितळवायचं. दोन भाग वितळलेल्यात एक भाग बारीक चिरलेलं घालून ढवळत ढवळत ३१-३२ वर आणायचं. सुरीचं टोक बुडवून बाजूला ठेवायचं. पाच-सात मिनिटांत ते चमकदार घट्ट झालं तर पुढे जायचं, नाही तर अजून थोडं चिरलेलं चॉकलेट घालायचं.

भावाचं सांगायचं तर २०२४ च्या डिसेंबरात न्यूयॉर्कच्या बाजारात कोको टनाला १२,००० डॉलरच्या वर गेला होता. घाना आणि आयव्हरी कोस्टला पीक घटलं, त्याची झळ आपल्या स्लॅबपर्यंत आली. २२ सप्टेंबर २०२५ पासून चॉकलेटवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला, तेवढाच दिलासा. तरी कव्हरचर मला किलोमागे कंपाउंडच्या अडीच-तीन पट पडतं. म्हणून आता मी वाटणी करून टाकलीय. गूळ आणि शेंगदाणे यांच्या जोरकस चवीला कंपाउंड चालतं, कुणाला फरक कळत नाही. आलं आणि संत्रं यांना मात्र कव्हरचरच हवं, तिथे कंपाउंडचा मेणचटपणा लगेच जाणवतो.

पैसे वाचवायला दोन्ही निम्मं निम्मं मिसळावं, असा सल्ला सर्रास दिला जातो. मी मुद्दाम थोडंसं करून पाहिलं. मिश्रण दिसायला छान, पण सेट झाल्यावर मऊ राहिलं आणि आठवड्यात वर राखाडी पापुद्रा आला. कोको बटर आणि पाम कर्नलचं फॅट यांचं जमत नाही, दोघं मिळून एकमेकांना मऊ करतात. खोबरेल तेलाचंही तेच. कंपाउंड जाड वाटलं तर २०० ग्रॅमला चमचाभर बिनवासाचं खोबरेल खुशाल घाला, ते त्याच गोत्रातलं. कव्हरचरला पातळ करायचं तर कोको बटरच लागतं.

तिळगुळाची गंमत वेगळी आहे. आई आधी म्हणाली, "तिळगुळाला चॉकलेट फासायचं ते कशाला रे? मूळचा काय वाईट आहे?" प्रश्न रास्तच होता. त्याचं उत्तर डब्यात मिळालं. गूळ हवेतली ओल ओढून घेतो, म्हणून आपल्या हवेत तिळाची वडी चार दिवसांत चिवट होते. चॉकलेटचा थर सगळीकडून बंद असेल तर ती ओल आत जात नाही आणि पंधरवड्यानंतरही वडी कुरकुरीत राहते. फक्त 'सगळीकडून' या शब्दाला फार किंमत आहे. तळाला टाचणीच्या टोकाएवढं भोक राहिलं तरी दुसऱ्या दिवशी तिथून तपकिरी थेंब डोकावतो, तिसऱ्या दिवशी कागदाला चिकटतो, आणि वडी उचलली की चॉकलेटचा तळ कागदावरच राहतो.

त्यावर उपाय म्हणजे आधी तळ करून घ्यायचा. चिक्कीच्या गुळाची वडी पोळपाटावर पातळ लाटायची, गरम असतानाच दोन सेंटिमीटरचे चौकोन कापायचे आणि पूर्ण गार होऊ द्यायचे. मग प्रत्येकाच्या एका बाजूला ब्रशने चॉकलेटचा पातळ हात द्यायचा. तो सुकला की ती बाजू खाली ठेवून तुकडा काट्यावर घ्यायचा, बुडवायचा, उचलायचा. काटा भांड्याच्या कडेवर तीन-चारदा हलकेच आपटायचा. जादा चॉकलेट कसं लाटांनी खाली उतरतं ते बघत राहावंसं वाटतं. लाटा थांबल्या की थर बेताचा झाला असं समजायचं. शेवटी काट्याखालचा थेंब कडेला पुसून तुकडा कागदावर सरकवायचा. तो थेंब पुसला नाही तर प्रत्येक वडीला पायाशी पसरट झालर येते. दिसायला वाईट, आणि प्रत्येक झालरीत ग्रॅमभर चॉकलेट फुकट. काटा साधाच घ्या, चार दातांपैकी मधले दोन पकडीने वाकवून काढले की विकतच्याइतकंच काम करतो.

तुकडे फ्रिजमधून काढून थेट बुडवू नका. थंड गाभा नंतर खोलीच्या उष्णतेने फुगतो आणि वरचा थर तडकतो. खोलीत ठेवलेलाच बुडवायचा.

आलेपाकाने या वर्षी खरी बाजी मारली. थंडीत आलं नवं येतं, रेषा कमी आणि भावही बरा. वडी नेहमीसारखीच करायची, फक्त साखर जरा जास्त आटवून कोरडी ठेवायची, ओलसर वडीवर चॉकलेट धरत नाही. डार्क कव्हरचरच्या कडवटपणामागून आल्याचा ठसका येतो तेव्हा घसा खाकरणारी मंडळीसुद्धा दुसरा तुकडा मागतात.

संत्र्याची साल तर फुकटच. नागपुरी संत्र्यांचा आंबिया बहार नेमका याच दिवसांत बाजारात असतो. साल पातळ असते म्हणून उकळताना सांभाळायचं. पट्ट्या कापून तीनदा पाणी बदलून उकळायच्या, मग सालीच्या वजनाइतक्या साखरेच्या पाकात पारदर्शक होईतो शिजवून दीड-दोन दिवस वाळवायच्या. अर्धीच पट्टी बुडवायची. इथे गूळ नाही, पाझरायची भीती नाही, शिवाय चॉकलेट निम्मं लागतं. उरलेला पाक टाकू नका, सरबतात तो फर्मास लागतो.

वरच्या मजल्यावरच्या काकू वसईच्या. नाताळात त्यांच्याकडून ताट येतं, त्यात मार्झिपान, म्हणजे वाटलेल्या बदामाची मिठाई, असतंच, आणि मुंबई-वसईकडे ते बदामाऐवजी काजूचं करतात. त्यांना विचारलं, तर म्हणाल्या, "अख्खे काजू कशाला आणतोस? तुकडा आण. वाटायचेच आहेत ना?" तुकडा काजू बराच स्वस्त पडतो. चैन नाही म्हटलं होतं, पण एवढी सूट मी स्वतःला दिली. गोळ्या वळून बुडवल्या, चांगल्या झाल्या. तरी मला विचाराल तर काजूकतलीला चॉकलेटची गरज नाही तशी त्यालाही नाही.

फ्रिजबद्दल सारखं विचारलं जातं म्हणून सांगतो. कंपाउंड सेट करायला दहा मिनिटं ठीक आहेत. त्याहून जास्त ठेवून बाहेर काढलं की थंड चॉकलेटवर आपली दमट हवा दव धरते, साखर विरघळून वर येते, आणि सुकल्यावर खरखरीत पांढरे डाग पडतात. ठेवायचंच असेल तर घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा आणि बाहेर काढल्यावर डबा खोलीइतका कोमट होईपर्यंत झाकण उघडू नका. डाग बोटाने चोळून पाहा. खरखरीत लागला तर साखरेचा, बोटाच्या उबेने विरला तर फॅटचा, म्हणजे टेंपरिंग बिघडलंय. खायला दोन्ही चालतात, वाटायला नाहीत. गरम पाण्यावर भांडं ठेवून चॉकलेट वितळवताना खालचं पाणी उकळू देऊ नका आणि वरचं भांडं पाण्याला टेकवू नका. वाफेचा एक थेंब आत गेला तरी सगळं चॉकलेट रव्यासारखं गोळा होतं.

आता आईचाच हुकूम आलाय. हळदीकुंकवाला यंदा वाणाबरोबर चॉकलेटचा तिळगूळ द्यायचा, म्हणजे सुमारे दीडशे तुकडे. दोन स्लॅब लागतील. रंगीत फॉइल अब्दुल रहमान स्ट्रीटवरून आणलाय, पण तो गुंडाळताना चॉकलेटवर बोटांचे ठसे उमटतात, म्हणून सुती हातमोजे शोधतोय. पांढऱ्या कंपाउंडची रेघही ओढून पाहिली. काळ्या वडीवर शोभते खरी, पण गुळावर ते फारच गोड होतं, तेव्हा रेघ रद्द. त्याऐवजी थर ओला असतानाच वर चिमूटभर भाजलेले पांढरे तीळ टाकतोय. आत काय आहे ते बघताक्षणी कळतं आणि खर्च काहीच नाही. तीळ थर घट्ट व्हायच्या आत पडले पाहिजेत, म्हणून एकाने बुडवायचं आणि दुसऱ्याने टाकायचे. दुसरी जागा आईने आधीच अडवलीय.