केडगावच्या वाटेवर

यंदा जानेवारीत आमच्या चर्चच्या मंडळीतील काही जण पुणे कॅम्पातून पंडिता रमाबाईंनी केडगावला उभारलेल्या मुक्ती मिशनपर्यंत पायी गेलो. रेल्वेने हे अंतर सहज कापता येते. परंतु माझे कंत्राटी काम संपल्यापासून घरखर्चाचा मेळ बसत नव्हता, आणि ‘आमची रोजची भाकर आज आम्हांला दे’ हे शब्द उपासनेत उच्चारताना मन कचरत होते. त्या प्रार्थनेच्या भरवशावर काही काळ चालून पाहावे, असे मला वाटत होते.

हडपसर, लोणी काळभोर, उरुळी कांचन, यवत हा सोलापूर रस्ता तुकोबांच्या पालखीचाही आहे. पायी चालणाऱ्याला पाणी विचारणे ही या गावांची जुनी रीत, आणि आम्ही ख्रिस्ती आहोत हे कळल्यावरही तिच्यात तसूभर फरक पडला नाही. यवतच्या अलीकडे अंधार पडला, तेव्हा एका मावशींनी आपली ओसरी दिली आणि पिठलं-भाकरी वाढली. दुसऱ्या दिवशी एका गुऱ्हाळावर आम्हाला बोलावून ताजा गूळ हातावर ठेवला गेला. यातले काहीही आम्ही आधी ठरवलेले नव्हते.

वाटेत बायबलमधल्या निर्गमाचा १६ वा अध्याय सारखा आठवत होता. रानात इस्राएल लोकांना देवाकडून मिळालेले अन्न, म्हणजे मान्ना, त्या दिवसापुरताच गोळा करायचा होता. तो सकाळपर्यंत राखून ठेवला तर त्यात किडे पडत, केवळ शब्बाथाच्या, म्हणजे विसाव्याच्या दिवसाच्या, आदल्या दिवशी दुप्पट घ्यायचा असे. लहानपणापासून मी तो चमत्कार म्हणून ऐकत आले आहे. या वेळी मात्र दुसरी गोष्ट ठळकपणे जाणवली: मान्ना देवच पाठवी, पण ऊन चढण्यापूर्वी जाऊन तो वेचावा लागे.

पंडिता रमाबाईंनी बालपणी आई-वडिलांबरोबर पायी तीर्थयात्रा केल्या आणि पुढे दुष्काळात त्यांनाच गमावले. म्हणजे भूक काय करते हे त्यांना कोणी सांगण्याची गरज नव्हती. तरीही १८९६-९७च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून उपाशी मुली आणि विधवा आणल्या, त्यांच्या अन्नासाठी देवापुढे हात जोडले, आणि केडगावच्या माळावर विहिरी खणून घेतल्या, शेती उभी केली, मुलींना छपाईसारखी कामे शिकवली. आपण त्यांच्या प्रार्थनांविषयी भरभरून बोलतो आणि विहिरींविषयी फारच कमी बोलतो, असे मला वाटते.

मुक्तीत गुडघे टेकले तेव्हा गेलेले काम मी परत मागितले नाही. आजची भाकर दे आणि आज काय करायचे ते दाखव, इतकेच मागितले. मुलीच्या जूनमधल्या फीची सोय अजून झालेली नाही. एका शाळेत हिशेबाच्या कामासाठी अर्ज दिला आहे, मंडळीतल्या एका ताईंनी शिवणकाम पाठवले आहे, आणि रोज सकाळची प्रार्थना झाली की मी मशीनवर बसते.