कोअरमधला गुलाबी गोटा

चंद्रपूर साइडला कोळशाच्या एक्सप्लोरेशनला होते तेव्हाचं सांगते. मे महिना, पारा ४६ च्या पुढे, आणि माझं काम म्हणजे ताडपत्रीखाली बसून बॉक्समधला कोअर, म्हणजे ड्रिलने जमिनीतून काढलेला दगडाचा दंडगोल, ओला करायचा, बघायचा, लिहायचा. वरचा कामठीचा लालसर वाळूखडक संपला, मग बाराकार लागलं (ही दोन्ही खडकांच्या थरांची नावं), पांढुरका वाळूखडक, राखाडी शेल म्हणजे चिखलाचा पातळ थरांचा दगड, कोळसा, परत वाळूखडक असं आलटून पालटून. त्या वाळूखडकात फेल्डस्पार हे खनिज कुजून त्याची पांढरी माती झालेली असते, बोटाला खडूसारखी लागते.

मग एका रनमध्ये, म्हणजे एका खेपेत निघालेल्या कोअरमध्ये, रंगच बदलला, हिरवट खाकी शेल, सुकलं की सुयांसारखे तुकडे पडतात त्याचे, म्हणजे तालचिर, बाराकारच्या खालचा थर, आलं. आणि त्या एवढ्या बारीक गाळाच्या मधोमध गुलाबी ग्रॅनाइटचा मुठीएवढा गोटा!

ड्रिलर मामा लगेच म्हणाले, "वरून पडला असन मॅडम." त्यांची शंका रास्त होती, भोकाची भिंत ढासळून गोटे पडतातच. पण तसा गोटा रनच्या डोक्यावर सुटा येतो, हा मधेच होता आणि ड्रिलच्या बिटने अगदी साफ कापलेला. शिवाय खालचे कागदाएवढे पातळ थर गोट्याखाली दबून वाकलेले, वरचे त्याच्यावरून पांघरल्यासारखे. म्हणजे गोटा पडला तेव्हा गाळ मऊ होता आणि त्यानंतरही वर गाळ बसत राहिला, पुढे वरच्या ओझ्याने सगळं दाबून त्याचं शेल झालं.

मामांना सांगितलं, वरूनच पडलाय, फक्त तीसेक कोटी वर्षांपूर्वी, पाण्यावर तरंगणाऱ्या बर्फातून. तेव्हा आपला भूभाग गोंडवन या जुन्या महाखंडात, दक्षिण ध्रुवाच्या बाजूला होता, हिमनद्या दगड खरवडून आणायच्या, बर्फ वितळला की दगड तळाला. इरई गावाजवळ चुनखडीवर त्या हिमनदीचे ओरखडे आहेत, फेडन या भूवैज्ञानिकाने १८७५ मध्येच लिहून ठेवलंय. मामा गमछ्याने घाम पुसत नुसते हसले, इथं बर्फ म्हणे!

पण त्यांना खरी काळजी वेगळीच होती, कारण कोळसा झाला तो बर्फ हटल्यावर वाढलेल्या ग्लोसोप्टेरिस या तेव्हाच्या झाडांच्या दलदलींचा, तो तालचिरच्या वरच सापडतो, खाली नाही. म्हणजे तालचिर लागलं की होल बंद आणि ठेकेदाराचे पैसे खोदलेल्या मीटरवर. "अजून थोडं मारू ना मॅडम, एखाद बॅरल?" खात्रीसाठी एक रन दिला. तोही हिरवाच निघाला, संध्याकाळी रॉड काढायला घेतले.