मंदीत नवी गाडी: सवलतीआधी हप्त्याचा हिशोब

बाजार थंडावला की शोरूममधून येणारे फोन वाढतात. या महिन्यात इतके कमी, एक्स्चेंज बोनस वेगळा, अ‍ॅक्सेसरीज फुकट. बऱ्याचदा ही सवलत खरीही असते. ऑगस्ट 2019 मध्ये कारखान्यांतून डीलरांकडे जाणाऱ्या प्रवासी गाड्यांची संख्या आदल्या ऑगस्टच्या मानाने 31 टक्क्यांहून जास्त घसरली होती. यार्ड आधीच भरलेली होती, त्यामुळे घासाघीस करायला भरपूर वाव होता. 2021 मध्ये मात्र उलटं झालं. लोकांचे पगार अजून सावरले नव्हते, तरी चिपच्या तुटवड्यामुळे गाड्यांना वेटिंग लागलं आणि सवलती आटल्या. म्हणजे मंदी आली की गाडी स्वस्त मिळेलच असं नाही. मागणी आटली तर मिळते, पुरवठाच आटला तर नाही.

पण निर्णय सवलतीवर घ्यायचाच नाही. पगार थांबला तर हप्ता किती महिने निघेल, यावर घ्यायचा.

एक हिशोब मांडू. पेट्रोल गाडी, एक्स-शोरूम साडेआठ लाख. महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला 11 टक्के रोड टॅक्स, म्हणजे 93,500 रुपये. विमा आणि किरकोळ खर्चाचे चाळीसेक हजार धरा. ऑन-रोड पावणेदहा ते दहा लाखांच्या मध्ये जाते. त्यातलं आठ लाख कर्ज साडेनऊ टक्क्यांनी घेतलं, तर पाच वर्षांसाठी हप्ता साधारण 16,800 रुपये आणि एकूण व्याज दोन लाख आठ हजार. सात वर्षांसाठी हप्ता 13,075, पण व्याज दोन लाख 98 हजार. नोकरीची धाकधूक असली की माणूस सात वर्षांकडे झुकतो, कारण महिन्याला पावणेचार हजार वाचतात. मंदीत नेमकं हेच अंगाशी येतं.

कसं ते बघा. सात वर्षांच्या कर्जात दोन वर्षं नियमित हप्ते भरल्यावरही सुमारे सहा लाख 22 हजार बाकी असतात. विम्यात गाडीचं मोल, म्हणजे आयडीव्ही, दोन वर्षं उलटली की 30 टक्के घसारा धरून काढतात. साडेआठ लाखांच्या गाडीचं ते पाच लाख 95 हजार होतं. गाडी चोरीला गेली किंवा टोटल लॉस झाली, म्हणजे दुरुस्तीपलीकडे गेली, तर विम्याचा सगळा पैसा बँकेकडे जातो आणि वर 27 हजार तुमच्या खिशातून, गाडी हातात नसताना. नोकरी गेल्यामुळे विकायची वेळ आली तरी तीच गत, कारण तेव्हा आणखी लोक विकायला निघालेले असतात आणि भाव पडलेला असतो. पाच वर्षांच्या कर्जात त्याच टप्प्यावर बाकी सव्वापाच लाखांच्या आत असते. गाडी विकून कर्ज फिटतं आणि थोडं हातात उरतं. पाच वर्षांचा हप्ता झेपत नसेल तर ती गाडी महाग आहे. मुदत वाढवू नका, खालचं मॉडेल बघा. सात वर्षांचं कर्ज आधीच घेतलं असेल, तर निदान रिटर्न टू इनव्हॉइस, म्हणजे अशा वेळी आयडीव्हीऐवजी गाडीच्या बिलाची किंमत देणारं जास्तीचं कव्हर, विम्यात आहे का ते तपासा.

डाउन पेमेंट दिल्यानंतर सहा महिन्यांचा घरखर्च आणि सहा हप्ते एफडीत शिल्लक राहिले पाहिजेत. डाउन पेमेंटच्या आधी नाही, नंतर. घराचा खर्च 45 हजार असेल तर हप्त्यासह ही रक्कम तीन लाख 70 हजारांच्या घरात जाते. हे जड वाटत असेल तर चार महिने तालीम करा: हप्ता, पेट्रोल, विमा आणि सर्व्हिसिंग धरून 25 हजार रुपये दर महिन्याला रिकरिंगमध्ये टाका. दुसऱ्याच महिन्यात क्रेडिट कार्डाची बाकी वाढायला लागली, तर उत्तर मिळालं.

सरकार हप्ते थांबवेल, या भरवशावर राहू नका. 2020 मध्ये मार्च ते ऑगस्ट हप्ते पुढे ढकलायची मुभा होती, पण थांबलेल्या काळाचं व्याज चढतच होतं. हप्ते 90 दिवस थकले की कर्ज एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी थकीत, होतं. बँक गाडी उचलून लिलावात काढते आणि लिलावातून कमी आलेली रक्कम तुमच्याच नावावर राहते.

जुनी गाडी चालती असेल तर आधी तिचा भाव काढा, विकायचा नव्हे, दुरुस्तीचा. ओळखीच्या मेकॅनिकला गाडी लिफ्टवर घ्यायला सांगून क्लच, लोअर आर्म आणि शॉकअप, टायर, बॅटरी, एसी बघून घ्या. छोट्या गाडीचं हे सगळं एकदम निघालं तरी खर्च साठ-सत्तर हजारांच्या आसपास बसतो, म्हणजे नव्या गाडीचे चार हप्ते. इंजिनचं कॉम्प्रेशन गेलं असेल किंवा चासी गंजली असेल तर मात्र पैसे ओतू नका, तिथे नवी किंवा तीन-चार वर्षं वापरलेली गाडीच बरी. जुनी विकताना नो क्लेम बोनस, म्हणजे विम्याचा दावा न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट, गाडीबरोबर सोडू नका. तो मालकाचा असतो. विमा कंपनीकडून पत्र घेतलं तर तीन वर्षांच्या आत नव्या गाडीला लावता येतो आणि ओन डॅमेजच्या, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या विम्याच्या, प्रीमियमवर 50 टक्क्यांपर्यंत सूट मिळते.

एवढं करून घ्यायचंच ठरलं, तर मंदीतली मोठी सवलत बहुतेक वेळा यार्डात उभ्या राहिलेल्या गाडीवर असते, हे धरून चाला. पैसे पूर्ण भरण्याआधी आणि पासिंगच्या आधी ती गाडी दिवसाउजेडी बघा. टायरच्या बाजूला चार आकडी शिक्का असतो. 3124 म्हणजे 2024 चा 31 वा आठवडा. पाचही टायर बघा, स्टेपनीसकट. बॅटरीवरची तारीख बघा. महिनोन्महिने उभ्या गाडीची बॅटरी आधी बसते, टायर एका जागी चपटे होतात आणि पावसाळा काढलेला असेल तर ब्रेक डिस्कवर गंज धरतो. चासी नंबरवरून उत्पादनाचा महिना आणि वर्ष डीलरकडून लेखी घ्या. आरसीवर तेच येतं आणि पुढे विकताना भाव त्यावरच ठरतो. गाडी मागच्या वर्षीची निघाली तर ठरलेल्या सवलतीवर आणखी किंमत पाडून मागा. डीलर अडून बसला, तर चालू वर्षाची गाडी द्या म्हणा. मंदीत त्याला गिऱ्हाईक सोडणं परवडत नाही.