सीट काढल्या आणि खाली तळं निघालं

जूनमध्ये पहिला जोरदार पाऊस झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या पद्मिनी गाडीचं दार उघडलं आणि जो काही वास आला ना, भिजलेलं गोणपाट आठवडाभर बादलीत राहिलं तर येतो तसा. पाय आत ठेवला तर मॅटखालून पचक असा आवाज. आई गॅलरीतून बघत होती, म्हणाली त्यात आता भात लावा.

गाडी बाबांची, १९८६ची. म्हणजे कागदावर प्रीमियर पद्मिनी, पण बाबा आजही तिला फियाटच म्हणतात आणि तसं ते चूक पण नाही, कारण कुर्ल्याच्या कारखान्यात प्रीमियरवाले जी बनवायचे ती मुळात फियाटची ११००च, १०८९ सीसीचं तेच इंजिन, पद्मिनी हे नाव नंतर ७४ मध्ये मिळालं. इंजिनाबद्दल आपली काहीच तक्रार नाही, अजून एका चावीत चालू होतं. प्रॉब्लेम पत्र्याचा. या गाडीला वेगळी चॅसी, म्हणजे खालचा सुटा सांगाडा, नाही, फ्लोअर आणि दारांखालच्या दोन्ही बाजूच्या पेट्या हीच तिची हाडं, त्यामुळे खालचा पत्रा गेला की नुसतं दिसायला वाईट एवढ्यावर भागत नाही, गाडीच ढिली पडते, दारं लागेनाशी होतात. आणि पुढच्या वर्षी रीपासिंग आहे, म्हणजे आरटीओत गाडी परत तपासून घ्यायची. म्हणलं आता सीट काढूनच बघू.

मागची सीट सोपी. गादी पुढून वर ढकलली की उचकटून हातात येते. तिच्याखाली काय काय निघालं: एक चार आण्याचं नाणं, माझ्या बहिणीची क्लिप, सारसबागेतल्या भेळेचा असावा असा एक कागद, आणि उंदराने केलेलं काथ्याचं छान घरटं. काथ्या अर्थातच सीटमधलाच.

पुढच्या सीटने मात्र जीव काढला. सीट रेलवर, रेल फ्लोअरला बोल्टने. मी रात्रीच सगळ्या बोल्टांवर डब्ल्यूडी-४०, तो गंज सैल करायचा स्प्रे, मारून ठेवला होता, सकाळी गोटी पाना लावला, पुढचे बोल्ट आले निमूट. मागचा डावा बोल्ट फिरायला लागला तेव्हा मी खूश, म्हणलं सुटला, पण तो फिरतोय फिरतोय, वर काही येत नाही. मग लक्षात आलं की खालचा नट पण त्याच्याबरोबर फिरतोय. हे नट फ्लोअरला खालून वेल्डिंग केलेले असतात, आजूबाजूचा पत्रा सडला की नट सुटा होतो, मग वरून कितीही फिरवा. खाली झोपून नट पकडायला बोलावलं भाच्याला, त्याच्या तोंडावर गंजाचा चुरा पडला, तो गेला तो परत आलाच नाही. शेवटी ग्राइंडरने बोल्टचं डोकं उडवलं. त्याआधी ओला टॉवेल पसरा आणि बॅटरीची वायर काढा, आणि कडेने मागे लाइटकडे जाणारा वायरींचा जुडगा जातो तो बाजूला बांधून ठेवा, मी बांधला नव्हता, थोडक्यात वाचला.

तर सीट निघाल्या. मॅट उचललं. मॅटखाली दुसरं मॅट. त्याच्याखाली आमच्या जुन्या घरातलं लिनोलियम, चौकटीचं डिझाइन, मी त्यावर रांगलोय. त्याच्याखाली कंपनीचं मूळ फेल्ट, काळं, पिळलं तर पाणी गळत होतं. आणि फेल्टच्या खाली पत्रा, काही ठिकाणी. स्क्रूड्रायव्हरने टोचून बघत गेलो, चांगला पत्रा टणटण वाजतो, सडलेला पापडासारखा कर्र करून आत जातो. ड्रायव्हरच्या टाचेखाली पापड. डाव्या बाजूला पुढे तर थेट पार्किंगची फरशी दिसली. तिथे पूर्वी कुठल्यातरी गॅरेजवाल्याने एम-सील आणि डांबर थापलेलं होतं, वरून एकदम गुळगुळीत, आणि त्या डांबराच्या आड गंज निवांत वीस वर्षं जेवत बसला होता.

बाबा खुर्ची टाकून शेजारी बसले होते. म्हणाले, "अरे पत्रा मारून घे वरून, लगेच होईल." मी म्हणलं बाबा, पाणी कुठून येतंय ते कळल्याशिवाय पत्रा मारला तर तीन पावसाळ्यांत परत इथेच बसू आपण. त्यांना पटलं नाही, पण पाइप धरायला ते तयार झाले.

पाणी शोधायची पद्धत अशी की आत फ्लोअरवर आणि कडांना कोरडे पेपर लावायचे, एक माणूस टॉर्च घेऊन आत, दुसरा बाहेरून बारीक धारेने पाणी सोडणार, आणि सुरुवात खालून करायची, मग हळूहळू वर. एकदम टपावर पाणी ओतलं तर सगळीकडूनच येतं आणि काहीच कळत नाही. शिवाय पाणी जिथे शिरतं तिथे पडत नाही, ते आतल्या पत्र्याच्या कडेकडेने दोन फूट जातं आणि मग टपकतं. मला डाव्या पायापाशी पाणी दिसत होतं म्हणून मी दोन वर्षं डाव्या दाराच्या रबरावर पैसे घातले. ते रबर बिचारं ठीकच होतं.

निघालं ते असं. काचेपुढे जी हवेची जाळी असते तिच्याखाली पाणी वाहून जायला वाट असते, ती गच्च. आमच्या पार्किंगवर गुलमोहर आहे, त्याची ती मोहरीएवढी पानं जाळीतून पडून पडून आत खत झालं होतं, अक्षरशः एक रोप उगवलं होतं. वाट बंद म्हणून पाणी साठून आत उतरायचं. दुसरं, पुढच्या काचेचं रबर वरच्या कोपऱ्यात कडक होऊन उचललेलं. आणि तिसरं मला खरंच माहीत नव्हतं, दाराच्या आत पाणी जाणं हा दोषच नाही. काचेवरून पाणी आत उतरणारच, ते दाराच्या खालच्या भोकांतून बाहेर पडायचं असतं, आणि आतल्या पॅनलमागे एक प्लॅस्टिक असतं ते पाण्याला केबिनमध्ये येऊ देत नाही. आमच्याकडे प्लॅस्टिक फाटलेलं आणि भोकं मागच्या पेंटिंगच्या वेळी पुट्टीने बुजवलेली. दार म्हणजे टाकीच झाली होती.

बाबा पाइप धरून उभे होते ते एकदम गप्प झाले. दर रविवारी सकाळी ते ही गाडी पाइपने धुवायचे, फुल प्रेशर, जाळीवर अंमळ जास्तच, तिथे धूळ बसते म्हणून. तीस वर्षं. मी काही बोललो नाही. त्यांनीच नळ बंद केला.

पुढचं काम पटकन सांगतो. वरवरचा गंज वायर ब्रशने काढला, मग रस्ट कन्व्हर्टर, त्यातलं फॉस्फोरिक ॲसिड उरलेल्या गंजाचं काळपट थरात रूपांतर करतं. पण हे भोकाला चालत नाही, आणि सुट्या पापुद्र्यांवर मारून तर अजिबात नाही. जुलैच्या हवेत घासलेला पत्रा रात्रभर उघडा ठेवलात तर सकाळी केशरी, त्यामुळे घासाल तेवढं त्याच दिवशी प्राइमर. सडलेला भाग चांगला पत्रा लागेपर्यंत कापायचा, इथेच सगळे चुकतात, काळीज घट्ट करून अजून दोन इंच कापा. नाना पेठेत सुटे पार्ट बरेच मिळाले, फ्लोअर तयार मिळाला नाही, मग १८ गेजचा सीआर (कोल्ड रोल्ड) पत्रा आणून पुठ्ठ्याच्या मापाने कापला, वेल्डरने सीओटू वेल्डिंगने टाका टाका करत जोडला, सलग ओढलं की पातळ पत्रा तापून वाकतो. पेट्रोलची टाकी डिकीत आहे म्हणून मागचं काम करताना ती आधी काढून बाहेर ठेवली, यात आळस नको. मग इपॉक्सी प्राइमर, सांध्यांवर सीलर, आणि दारांखालच्या पेट्यांमध्ये भोकांतून मेणाचा स्प्रे. सीलर मारायच्या जोशात वेल्डरचा पोरगा पाणी जायची भोकं परत बुजवत होता, त्याच्या हातातून गनच काढून घेतली.

सीट अजून लावलेल्या नाहीत. बाबांचं लिनोलियम धुऊन गॅलरीत वाळत घातलंय, ते परत टाकायचं की नाही यावर घरात दोन पक्ष आहेत. सध्या फ्लोअरवर रोज रात्री पेपर टाकून ठेवतो. काल रात्री तीन तास पाऊस झाला, सकाळी बाबा माझ्या आधी खाली उतरून टॉर्च घेऊन आत डोकं घालून बसले होते. पेपर सगळे कोरडे, फक्त उजवीकडे डॅशबोर्डच्या खाली रुपयाएवढा एक डाग. "वायपरच्या दांडीचं रबर," बाबा म्हणाले. खालून वर पाणी सोडून बघितलं, तेच निघालं. आज शनिवार. उद्या जुना बाजार भरतो, तिथे बघतो मिळतंय का.